पावसाळ्यात शेळ्या जगवायच्या कशा? गोव्यातील छोट्या शेतीवरचे अनुभव हवे आहेत

म्हादईकाठ :

सत्तरी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित भाट आहे. त्यात पोफळ, नारळ आणि केळी आहेत, वरच्या अंगाला काजूचा डोंगर आहे आणि खाली भाताचे दोन कुणगे. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून घरी परतलो आणि आईच्या आग्रहावरून सात शेळ्या व एक बोकड घेतला. घरी दोन गाई आणि वीसएक गावठी कोंबड्या पूर्वीपासून होत्या, त्यामुळे जनावरांची सवय होती. शेळीची मात्र नव्हती, आणि ती उणीव गेल्या पावसाळ्यात आम्हाला फार महागात पडली. आज चार शेळ्या उरल्या आहेत. गेलेल्या चार जनावरांविषयी सविस्तर लिहितो, म्हणजे जाणकारांना आमची चूक नेमकी कुठे झाली ते सांगता येईल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका काळ्या शेळीच्या जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज दिसली. संध्याकाळी चरून आली की ती सूज वाढलेली असे आणि सकाळी जवळजवळ नाहीशी होई, म्हणून काटा लागला असेल असे समजून आम्ही हळदीचा लेप लावत राहिलो. शेळी खात होती, लेंडीही घट्ट होती, मग पोटाचा आजार असेल अशी शंका तरी कशी यावी? अकराव्या दिवशी डोंगराच्या चढावर ती बसली ती पुन्हा उठली नाही. तिच्यामागून आठवड्याभरात दुसरी गेली. तेव्हा कोणीतरी सांगितले म्हणून दुकानातून जंताचे औषध आणून सगळ्यांना अंदाजाने पाजले.

तिसरी गेली ती चवथीत. पाहुणे जेवून गेल्यावर उरलेला भात आणि पातोळ्या धाकट्या भावाने मायेने टोपलीभर तिच्यापुढे ठेवल्या. रात्री ती दात खात उभी होती, पहाटे आडवी झाली आणि डॉक्टर येईपर्यंत संपली. बोकडाचे काय झाले ते अजूनही कळलेले नाही. तो दोन दिवस पाठ वाकवून कुंथत होता, आम्ही बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिले, तिसऱ्या दिवशी त्याचे पोट फुगले आणि तो गेला. त्याला आम्ही रोज भरपूर कोंडा घालत होतो, कारण तो धष्टपुष्ट दिसावा अशी इच्छा होती.

गोठा चिऱ्याचा आहे, खाली मातीची जमीन आहे आणि पावसात तिला ओल येते. पुढचा पावसाळा येण्याआधी आम्ही काय बदलावे?

निवृत्त पशुवैद्यक, फोंडा :

म्हादईकाठ, तुम्ही काहीही न लपवता लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पहिल्या दोन शेळ्या रक्त पिणाऱ्या जंतांनी गेल्या असे तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ निश्चित वाटते. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, त्याचे शास्त्रीय नाव हिमॉंकस, आणि एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा लहान दिसतो, पण हजार जंत असतील तर रोजचे ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि २५ किलोच्या शेळीच्या अंगात सारे मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असते. रक्तातली प्रथिने कमी झाली की पाणी खाली उतरते आणि जबड्याखाली साठते. दिवसभर मान खाली घालून चरल्याने ते संध्याकाळी अधिक दिसते व रात्रभर मान वर राहिल्याने सकाळी ओसरते. तुम्ही पाहिलेत ते अगदी बरोबर पाहिलेत, फक्त त्याचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितला नव्हता. या जंताने बहुधा हगवण लागत नाही, आणि लेंडी घट्ट आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

गोव्याचा पावसाळा या जंतासाठीच केल्यासारखा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा उबदार असते, आणि लेंडीतल्या अंड्यातून बाहेर पडलेली अळी आठवड्याभरात शेळीला बाधण्याजोगी होते. ती ओल्या गवतावर चढते, पण फार उंच चढत नाही. जमिनीपासून चार-पाच बोटांपर्यंतच्या गवतात तिचा सर्वाधिक भरणा असतो. म्हणून पावसाळ्यात शेळीला आखूड, ओल्या गवतावर सकाळी लवकर सोडणे म्हणजे तिच्या तोंडात अळ्या घालणेच होय. शेळी ही मुळात झुडपाचा पाला खाणारी आहे. मान वर करून खाल्ले तर तिला जंत फार कमी लागतात.

आता औषधाविषयी. सगळ्या कळपाला अंदाजाने औषध पाजण्याची पद्धत मी चाळीस वर्षे पाहिली आणि तिने केलेले नुकसानही पाहिले. कमी मात्रा मिळाली की कच्चे जंत मरतात व चिवट तेवढे उरतात, आणि काही वर्षांत ते औषध त्या वाडीत निरुपयोगी होते. त्यातही शेळीचे शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे बाटलीवरची मेंढीची मात्रा तिला बहुतेक वेळा अपुरी पडते. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि वजन मापून द्या. काटा नसेल तर शिवणाची टेप पुरते: पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याला त्यानेच गुणावे, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर २६ इंच आणि लांबी २५ इंच असेल तर वजन साडेपंचवीस किलोच्या आसपास येते.

औषध कोणाला द्यायचे हे शेळीची खालची पापणी सांगते. अंगठ्याने पापणी हलकेच खाली ओढून उन्हाच्या उजेडात आतला रंग पाहा. लालभडक असेल तर तिला औषधाची गरज नाही, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, आणि कागदासारखी पांढरी असेल तर त्याच दिवशी उपचार हवा. दक्षिण आफ्रिकेत या पद्धतीचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो जगभर वापरला जातो. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीची पापणी पाहून वहीत नोंद करा. चार शेळ्यांना दहा मिनिटे लागतात.

बोकडाला मुतखडा झाला असावा. कोंड्यात स्फुरद जास्त आणि चुना कमी असतो, त्यामुळे नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडे अडकतात. कुंथणारा नर दिसला की आधी तो मुतत आहे का ते पाहायचे असते. आणि चवथीच्या शेळीविषयी काय सांगू, दर वर्षी चवथीनंतर आणि नाताळानंतर आम्हाला अशी चार-पाच जनावरे दिसत. शिजलेला भात पोटात भराभर आंबतो, आम्लता वाढते आणि जनावर काही तासांत जाते. अशी शेळी दिसली तर २० ते २५ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून सावकाश पाजावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. पाजताना डोके फार वर करू नका, नाहीतर पाणी फुप्फुसात जाते.

गवळीवाडा :

आमची धनगर-गवळ्यांची वस्ती डोंगरावर आहे आणि शेळ्या-म्हशी आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले त्यात मी एकच गोष्ट घालतो, पण ती माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. शेळीला काही दिवस चारा कमी पडला तरी ती तग धरते, पण ओल्या जमिनीवर आठ दिवस बसवली तर ती आतून खचते. खूर सडतात, छातीत कफ भरतो, करडे हगू लागतात, आणि मग माणूस एकेका आजाराचे औषध शोधत फिरतो. चिऱ्याची भिंत चांगली. मातीची ओली जमीन नको.

आमचे आजोबा शेळ्यांसाठी माळा घालत. जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट उंच, पोफळीच्या खोडाच्या फाळ्यांचा, दोन फाळ्यांमध्ये करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट. फट जास्त झाली तर करडाचा पाय अडकून मोडतो, कमी झाली तर लेंडी वर साचते. उंची एवढी ठेवायची की खाली झाडू घालता यावा. सत्तरीत पोफळ विकत घ्यावी लागत नाही. पडलेली झाडे भाटातच असतात, फक्त ती उन्हाळ्यात फाडून वाळवून ठेवायला हवीत. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट, बोकडाला वीस, असा हिशेब धरावा.

दुसरे सांगायचे ते गोचिडांविषयी. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळू लागले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हा आजार शेळीला होत नाही, तो माणसाला होतो, पण रानात चरून आलेले जनावर गोचीड घरापर्यंत आणते. डिसेंबरपासून पाऊस सुरू होईपर्यंत शेळ्यांना दाट रानात सोडू नये, रानातला पातेरा गोठ्यात अंथरू नये, काजू गोळा करून आल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. आम्ही जवळची माणसे या तापात अंथरुणाला खिळलेली पाहिली आहेत, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितो.

म्हादईकाठ :

डॉक्टरसाहेब, दादा, मनापासून आभार. काल आईला बरोबर घेऊन चारही शेळ्यांच्या पापण्या पाहिल्या. तिघींच्या गुलाबी आहेत, एकीची पांढुरकी आहे, आणि विशेष म्हणजे ती सर्वांत लठ्ठ दिसणारी शेळी आहे. बाहेरून आम्हाला कधीच कळले नसते. तिला आज दवाखान्यात नेऊन आणले.

एक शंका आहे. पावसाचा झोत आत येऊ नये म्हणून मी गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली होती. ते बरोबर होते का?

पेडण्याची सून :

दादा, ताडपत्री काढून टाका. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केले होते आणि आमची तीन करडे न्यूमोनियाने गेली. पशुवैद्यकांनी मला गोठ्यात शेळीच्या नाकाच्या उंचीवर दोन मिनिटे बसायला सांगितले. उभे असताना काहीच जाणवत नव्हते. खाली बसल्यावर मुताच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी आले. ती हवा आमची करडे रात्रभर घेत होती. आता पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या झोतासाठी आम्ही चुडतांचे झाप बांधतो, छपराची पडवी तीन फूट पुढे काढली आहे, आणि पूर्वेची बाजू वरून अर्धी मोकळी ठेवतो. वारा शेळीच्या अंगावरून न जाता डोक्यावरून गेला पाहिजे.

चाऱ्याविषयी मला जास्त सांगावेसे वाटते, कारण आमच्या घरी ते काम माझ्याकडे आहे. आम्ही शेळ्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सोडत नाही. एका दुपारी त्यांनी मिरीच्या कोवळ्या वेलांचे आणि केळीच्या पिलांचे जे केले, ते भरून यायला दोन वर्षे लागली. त्याऐवजी कुंपणाला सलग गिरिपुष्प लावले आहे आणि दर दोन-अडीच महिन्यांनी ते छाटतो. सुरुवातीला शेळ्यांनी वासामुळे तोंड लावले नाही, मग रात्री कापून ठेवलेला सुकट पाला सकाळी घालू लागलो आणि आठवड्याभरात त्यांना त्याची गोडी लागली. फणसाचा पाला त्यांना सर्वांत प्रिय. उंबर आणि शेवगाही चालतो. सुबाभूळ थोडाच घालावा, तो एकट्यावर भागवला तर केस गळतात. पाला कधीही जमिनीवर टाकत नाही; सुतळीने जुडी बांधून त्यांच्या मानेच्या उंचीवर लोंबती ठेवते. त्यामुळे नासाडी निम्म्याहून कमी झाली, आणि पायाखाली तुडवलेला, मुताने भिजलेला पाला पोटात जात नाही.

पावसाळ्यात नुसता हिरवा पाला घातला तर पोट बिघडते. भाताचा पेंढा वर्षभर पुरेल एवढा उंचावर कोरडा ठेवावा आणि सकाळी आधी तो थोडा घालून मगच हिरवे द्यावे. बुरशीचा वास आला तर तो भाग टाकून द्यावा, गाभण शेळीला तर मुळीच घालू नये. काजूच्या बोंडांचा चोथा आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फुकट मिळतो. तो त्याच दिवशी पातळ पसरून कडक उन्हात वाळवला तर इतर चाऱ्यात थोडा मिसळता येतो. आंबलेला, गरम झालेला ढीग शेळीपुढे ठेवू नका, त्याचे परिणाम चवथीच्या भातासारखेच होतात.

काणकोणचा शेतकरी :

जातीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या गावात काहींनी राजस्थानच्या सिरोही शेळ्या मोठ्या हौसेने आणल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात अर्ध्याहून अधिक गमावल्या. शेळी वाईट नव्हती, तिचा मुलूख कोरडा होता. आपल्या शेजारी सिंधुदुर्गात कोकण कन्याळ ही जात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास करून ती पुढे आणली. रंग काळा, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा, लांब काळ्या कानांना पांढरी कड, पाय लांब व पांढरे. पिढ्यानपिढ्या मुसळधार पावसात वाढलेली ही जात आहे. बोकड घेताना तरी हा विचार करा.

गाईंचेही तसेच. आपल्या गोव्याच्या पांढऱ्या गावठी गाईला श्वेत कपिला या नावाने राष्ट्रीय स्तरावर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत सगळे पांढरे. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, म्हणजे संकरित गाईपेक्षा पुष्कळ कमी, परंतु गोचीड, ऊन आणि निकृष्ट चारा ती सहज सोसते. घरापुरते दूध आणि कुळागराला शेण हवे असेल तर ती पुरेशी आहे. ज्यांना दुधाचा धंदा करायचा आहे त्यांनी मात्र आपला हिशेब आधी मांडावा.

निवृत्त पशुवैद्यक, फोंडा :

काणकोणकरांनी बोकडाचा विषय काढला ते चांगले झाले. नवे जनावर कितीही निरोगी दिसले तरी तीन आठवडे वेगळे बांधा, त्याची भांडी वेगळी ठेवा, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करा. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा सांसर्गिक रोग बहुधा बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर येतो: ताप, नाकाडोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात फोड, मग हगवण. त्याची लस करडू चार महिन्यांचे झाले की टोचतात आणि एका टोचणीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या विषबाधेवरची, लस मात्र दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात घ्यावी. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. लस टोचायला डॉक्टर आले की गाईंचे लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाचे लसीकरणही तपासून घ्या, आणि कोंबड्यांना मानमोडीची लस द्यायची राहिली असेल तर तेही विचारा. मानमोडी आली की आठवड्यात खुराडे रिकामे होते.

भात कापल्यावर शेळ्या कुणग्यात सोडणार असाल तर आणखी एक सूचना. पाणथळ कुणग्यातल्या गोगलगायींमधून यकृतातला चपटा जंत येतो आणि साध्या जंतांच्या औषधांपैकी अनेक त्याच्यावर चालत नाहीत. तिथे शेळ्या चरत असतील तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा, ते औषध त्याप्रमाणे निवडतील.

पेडण्याची सून :

करडांविषयी राहिले होते. आमच्याकडे मागच्या वर्षी मध्यरात्री एक शेळी व्याली आणि दुसरे करडू मलूल पडले होते. सासूबाई त्याला ताबडतोब चीक पाजायला निघाल्या. मी करडाच्या तोंडात बोट घातले तर आतून गार लागले. गार करडाला पाजले तर ते गिळत नाही आणि दूध छातीत जाते, हे मी शिकले होते. म्हणून आधी त्याला गोणपाटाने खसखसून पुसले, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या, आणि बोटाला तोंडाची ऊब लागून ते चोखू लागल्यावरच चीक पाजला. आज ते पंधरा किलोचे आहे. निरोगी करडाला मात्र पहिल्या तासातच चीक मिळायला हवा, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायला विसरू नये.

म्हादईकाठ :

फेब्रुवारी लागला, म्हणून काय काय झाले ते कळवतो. पोफळीच्या फाळ्यांचा माळा घालून झाला आहे. गवळीवाडा दादांनी सांगितल्याप्रमाणे फट करंगळीने मोजली. ताडपत्री काढली. दोडामार्गाकडून कोकण कन्याळ बोकड आणला, त्याला तीन आठवडे काजूच्या डोंगरावरच्या खोपीत वेगळा ठेवला आणि त्याला कोंडा आता मूठभरच देतो. पापण्यांची वही आई लिहिते. पांढऱ्या पापणीची शेळी आता गुलाबी झाली आहे आणि १० डिसेंबरला ती फळली. ती कधी विईल आणि तोवर काय सांभाळावे?

निवृत्त पशुवैद्यक, फोंडा :

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, म्हणजे ९ मेच्या आसपास. पाच दिवस अलीकडे-पलीकडे धरा. पहिला दीड महिना उलटून गेला आहे, त्या काळात अल्बेंडाझोल हे जंताचे औषध टाळायचे असते, कारण गर्भात व्यंग येऊ शकते. आता जंताचे औषध लागले तर कोणते द्यायचे ते दवाखान्यात विचारूनच द्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला आंत्रविषाराची लस टोचून घ्या, म्हणजे चिकातून करडांना संरक्षण मिळेल. शेवटच्या दीड महिन्यात गर्भ झपाट्याने वाढतो आणि शेळीच्या पोटात जागा उरत नाही, म्हणून खुराक हळूहळू वाढवा आणि दोनऐवजी चार वेळा थोडा थोडा द्या.

पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास गोव्यात पोहोचतो. तेव्हा करडे चार आठवड्यांची असतील आणि नेमक्या त्याच वयात, ओलीत, त्यांना रक्ती हगवण लागते. ती जंतांच्या औषधाने बरी होत नाही. लेंडी पातळ किंवा रक्ताळलेली दिसली तर ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच सकाळी दवाखान्यात न्या. करडांसाठी माळ्याचा एक कोपरा आत्ताच वेगळा करून ठेवा. तिथली फट पोत्याने झाका, आणि ते पोते रोज बदला.